हाइंकेलचे पोट पिवळेच होते: दोन तारे देणाऱ्या ग्राहकाला उत्तर

नमस्कार,

फ्लाइट सिम्युलेटरसाठी आम्ही केलेल्या हाइंकेल 111 च्या लिव्हरीला, म्हणजे विमानाच्या रंग-चिन्हांच्या संचाला, तुम्ही दोन तारे दिलेत. उजव्या बाजूचा क्रमांक उलटा दिसतो, विमानाचे पोट स्कूल बससारखे पिवळे आहे, आणि जर्मन बॉम्बरवर ब्रिटिश चिन्हे कशी, असे तुम्ही विचारले आहे.

क्रमांकाचे तुमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. या मॉडेलमध्ये धडाच्या दोन्ही बाजू एकाच टेक्स्चरवरून, म्हणजे मॉडेलवर गुंडाळलेल्या एकाच रंगीत चित्रावरून रंगतात, त्यामुळे डावीकडे नीट दिसणारे आकडे उजवीकडे आरशात पाहिल्यासारखे पडतात. त्यासाठी आम्ही वेगळे डेकल (वरून चिकटवायचे छोटे चित्र) केले होते, पण विक्रीच्या झिपमध्ये ती फाइल घालायची राहिली. चूक सर्वस्वी आमची आहे. तुम्ही पैसे मोजलेत, तुम्हाला हे सोसावे लागायला नको होते. मनापासून माफी मागतो.

पिवळा रंग मात्र बदलणार नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगावेसे वाटते.

आम्ही रंगवले आहे ते शत्रूच्या ताब्यात गेलेले एक विशिष्ट विमान. 9 फेब्रुवारी 1940 ला ब्रिटिशांच्या 602 स्क्वाड्रनच्या स्पिटफायरने त्याला गाठले आणि ते स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकजवळ उतरले. ब्रिटिशांनी ते दुरुस्त केले, AW177 हा क्रमांक दिला, आणि पुढे ते 1426 फ्लाइटकडे गेले. ही तुकडी नोव्हेंबर 1941 मध्ये डक्सफर्डला उभी राहिली. पकडलेली जर्मन विमाने घेऊन एकेका तळावर जायचे आणि आपल्या वैमानिकांना, तोफचींना ती जवळून दाखवायची, हे तिचे काम. आता विचार करा: इंग्लंडच्या आकाशात हाइंकेल दिसले की खालचा तोफची आधी काय करेल? म्हणूनच पोटाला भडक पिवळा रंग, धडावर ब्रिटिश वर्तुळे आणि शेपटीवर जर्मन चिन्हाच्या जागी लाल-पांढरा-निळा पट्टा. आतल्या माणसांचा जीव त्या रंगावर होता. तो सौम्य केला तर विमान दिसायला छान होईल, पण ते हे विमान राहणार नाही.

तुम्ही जोडलेल्या फोटोत पोट काळपट दिसते, हे खरे. पण त्याच फोटोतले वर्तुळ नीट पाहा. मधला लाल ठिपका जवळजवळ काळा आहे, निळा पट्टा फिकट आहे आणि सर्वांत बाहेरचे पिवळे कडे गडद आहे. ही ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मची खूण. तिला लाल रंग दिसत नाही, पिवळा काळपट येतो आणि निळा उजळतो. वर्तुळाचे कडे पिवळे असते हे आपल्याला माहीत आहे. ते ज्या छटेत उतरले, त्याच छटेत पोटही उतरले आहे. म्हणजे तुमचा फोटो आमच्या रंगाच्या बाजूचाच पुरावा आहे. कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवताना आधी फिल्म ओळखावी लागते. आमचा निम्मा वेळ त्यातच जातो.

पावसात पंख प्लॅस्टिकसारखे चमकतात, हेही तुम्ही बरोबर हेरलेत. वरचा गडद हिरवा आणि मातकट तपकिरी रंग मॅट हवा. तिथला रफनेस मॅप, म्हणजे पृष्ठभाग किती चमकेल हे ठरवणारी फाइल, नव्याने केला आहे.

या विमानाबद्दल मी एवढा आग्रही का, तेही सांगतो. 10 नोव्हेंबर 1943 ला पोलब्रुक तळावर उतरताना धावपट्टीच्या समोरच्या टोकाकडून 1426 चेच युंकर्स 88 हे दुसरे पकडलेले जर्मन विमान येत होते. टक्कर टाळायला हाइंकेल वळले आणि कोसळले. सात जण गेले. त्यांनी ज्या रंगातले विमान उडवले, त्याच रंगात ते पडद्यावर यावे, एवढीच धडपड आहे.

दुरुस्त फाइल तुमच्या खात्यात विनामूल्य टाकली आहे. जुनी फोल्डर पूर्ण काढून मगच नवी बसवा, नाहीतर उलटा क्रमांक तसाच राहील. तरीही पिवळे पोट नको असेल, तर ऑर्डर क्रमांक कळवा. पूर्ण पैसे परत करतो.