‘एनव्हीआयसी सगळे स्वतःच पाहतो’ या सल्ल्यात काय चुकते

एम्बेडेड प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना एक सल्ला वारंवार दिला जातो. त्याचा आशय असा, की आर्म कॉर्टेक्स-एम प्रोसेसरच्या गाभ्यातच एनव्हीआयसी हा इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचे काम करण्याची हार्डवेअरची मागणी) हाताळणारा कंट्रोलर असल्यामुळे त्याचे वेगळे प्रोग्रॅमिंग करावे लागत नाही. हँडलरला, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनला, व्हेक्टर टेबलमधले (हँडलरांच्या पत्त्यांच्या यादीतले) नाव द्यावे, इंटरप्ट एनेबल करावा आणि प्रायॉरिटी आहे तशी राहू द्यावी. फ्लॅग (इंटरप्ट मागितल्याची खूण असलेला बिट) हार्डवेअर साफ करते आणि प्रोसेसरच्या घड्याळाच्या १२ सायकलींत हँडलर सुरू होतोच. यात तथ्याचा अंश आहे. इंटरप्ट आला की ८ रजिस्टरे स्टॅकवर ठेवणे आणि व्हेक्टर शोधणे ही कामे हार्डवेअर करते, म्हणून हँडलर साध्या सी फंक्शनसारखा लिहिता येतो. मात्र प्रायॉरिटी, फ्लॅग आणि सायकली यांविषयीची तिन्ही विधाने दिशाभूल करतात, आणि त्यांतून निघणारे दोष बहुधा प्रयोगशाळेत न दिसता यंत्र ग्राहकाकडे पोचल्यावर दिसू लागतात.

प्रथम प्रायॉरिटी. रीसेटनंतर प्रत्येक इंटरप्टची प्रायॉरिटी ० असते, आणि कॉर्टेक्स-एममध्ये आकडा जितका लहान तितकी निकड मोठी. म्हणजे ‘आहे तशी राहू द्या’ याचा अर्थ सर्व इंटरप्टना सर्वोच्च स्थान देणे असा होतो, आणि समान प्रायॉरिटीचे इंटरप्ट एकमेकांना मध्येच थांबवू शकत नसल्यामुळे सीरियल पोर्टचा लांबलेला हँडलर मोटरच्या टायमरला ताटकळत ठेवतो. आपल्याकडे अनेकांची सुरुवात ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरवर होते आणि तिथे आयपी रजिस्टरमधला बिट १ केला की प्रायॉरिटी वाढते. त्या सवयीने इथे मोठा आकडा दिला, तर परिणाम नेमका उलटा होतो. शिवाय प्रायॉरिटीसाठी ८ बिटांची जागा असली तरी त्यांतले फक्त वरचे काही बिट प्रत्यक्षात असतात: एसटीएम३२एफ४ या कॉर्टेक्स-एम४ चिपमध्ये ४, कॉर्टेक्स-एम० मध्ये २. एसटीएम३२एफ४ वर त्या बाइटमध्ये थेट ५ लिहिले, तर खालचे बिट गळून ० उरतो. सीमसिस या आर्मच्या लायब्ररीतले एनव्हीआयसी-सेट-प्रायॉरिटी हे फंक्शन आकडा योग्य तेवढा सरकवून लिहिते, म्हणून तेच वापरावे. फ्रीआरटॉस ही रिअल-टाइम ऑपरेटिंग प्रणाली वापरणाऱ्यांनी तर ० वर विसंबूच नये. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ वर ती प्रणाली बेसप्राय रजिस्टरने ठरावीक पातळीपर्यंतचेच इंटरप्ट रोखते. ० पातळीचा हँडलर त्यातून सुटतो, आणि त्याने रांगेत संदेश टाकला, तर प्रणालीच्या अंतर्गत याद्या बिघडू शकतात.

फ्लॅग हार्डवेअर साफ करते, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. हँडलरमध्ये शिरताना एनव्हीआयसीची पेंडिंग नोंद आपोआप पुसली जाते, हे खरे. परंतु ज्या पेरिफेरलने (टायमर, सीरियल पोर्ट अशा भागाने) इंटरप्ट मागितला त्याचा फ्लॅग तसाच उभा राहतो, आणि हँडलर संपताच तोच इंटरप्ट पुन्हा येतो. मुख्य लूपला मग जवळजवळ वेळच मिळत नाही. हा समज टिकून राहण्याचे कारणही स्पष्ट आहे. बहुतेकांचा पहिला प्रयोग सिसटिक या गाभ्यातल्याच टायमरवर होतो, आणि सिसटिकमध्ये खरोखरच काही साफ करावे लागत नाही. ८०५१ मध्येही टायमरचा फ्लॅग हार्डवेअर पुसते, सीरियल पोर्टचे फ्लॅग मात्र तिथेही प्रोग्रॅमलाच पुसावे लागतात.

फ्लॅग कधी आणि कसा साफ केला, यालाही तितकेच महत्त्व आहे. तो हँडलरच्या अगदी शेवटी साफ केला, तर ते लेखन राइट बफर (लेखन तात्पुरते धरून ठेवणारी जागा) आणि बस ओलांडून पेरिफेरलपर्यंत पोचण्याआधीच प्रोसेसर बाहेर पडू शकतो. मग हँडलर दोनदा चालतो आणि मोजणी दुप्पट होते. म्हणून फ्लॅग सुरुवातीलाच साफ करावा, किंवा लिहिल्यानंतर तेच रजिस्टर एकदा वाचावे. एसटीएम३२च्या टायमरचे स्टेटस रजिस्टर ० लिहून साफ होते. ते वाचून, एक बिट शून्य करून परत लिहिले, तर वाचन आणि लेखन यांच्या मधल्या क्षणी उभा राहिलेला दुसरा फ्लॅगही पुसला जातो आणि ती घटना कायमची हरवते. त्याऐवजी हवा तेवढा बिट ० आणि बाकी सर्व १ असे थेट लिहावे. एसटीएम३२एफ४ च्या बाह्य इंटरप्टचे पेंडिंग रजिस्टर मात्र १ लिहून साफ होते, त्यामुळे तिथे रजिस्टर वाचून, हवा तो बिट ऑर करून परत लिहिले, की उभे असलेले सर्व फ्लॅग एकदम जातात. एकाच चिपमधल्या या दोन उलट रीती रेफरन्स मॅन्युअलमध्ये प्रत्येक बिटाखाली छापलेल्या असतात.

राहिल्या १२ सायकली. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ साठी हा आकडा बरोबर आहे, पण मेमरीला वेट स्टेट (तिच्यासाठी थांबण्याच्या जादा सायकली) नसतील तरच. कॉर्टेक्स-एम० ला १६ लागतात. एसटीएम३२एफ४०७ ची फ्लॅश १६८ मेगाहर्ट्झवर, ३.३ व्होल्टला, ५ वेट स्टेट घेते. त्यात इंटरप्ट बंद ठेवलेला कोडचा भाग आणि वरच्या प्रायॉरिटीचे हँडलर यांचा वेळ मिळवावा लागतो, आणि तो आपणच लिहिलेल्या कोडवर अवलंबून असतो. खरा विलंब पाहण्यासाठी हँडलरच्या पहिल्या ओळीत एक पिन हाय करावी, ती आणि इंटरप्ट आणणारा सिग्नल एकाच ऑसिलोस्कोपवर लावावे, पर्सिस्टन्स (आधीच्या रेषा पडद्यावर टिकवण्याची सोय) चालू ठेवून यंत्र पूर्ण भारावर चालवावे, आणि दिसलेले सर्वांत मोठे अंतर डिझाइनसाठी धरावे.