स्टॅम्पपेपरवर काडी मोडत नाही

सोलापुरातल्या भिशीच्या, भावकीच्या, अपार्टमेंटच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'कोर्टाची पायरी न चढता घटस्फोट'. शंभरच्या स्टॅम्पवर दोघांनी सह्या करून नोटरी केली की झालं. सात वर्षं वेगळं राहिलं की लग्न आपोआप मोडतं. मूल पाच वर्षांचं झालं की ते बापाचं. कमावत्या बाईला पोटगी नाही. आणि संमतीचा घटस्फोट आता एका दिवसात मिळतो. नात्यातल्या एका मुलीने हाच मेसेज मला पाठवून विचारलं, "मग वकिलाला पैसे कशाला द्यायचे?" तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय. हे सगळं हिंदू विवाह कायदा, १९५५ बद्दल आहे. लिंगायत, जैन, बौद्ध, शीख त्यातच येतात. मुस्लिम आणि ख्रिश्चनांचे कायदे वेगळे.

सगळ्यात घातकी मुद्दा पहिलाच. शंभरचा स्टॅम्प म्हणे! ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या राज्यात शंभर-दोनशेच्या जागी पाचशे आले, यावरूनच मेसेज किती शिळा आहे ते कळतं. पण पाचशेचा घ्या नाहीतर पाच हजारांचा, त्या कागदाने लग्न मोडत नाही. नोटरी फक्त सही कुणाची आहे ते बघून शिक्का मारतो. त्याच ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी कार्य विभागाने नोटरींना लेखी बजावलंय की तुम्ही विवाह अधिकारी नाही, लग्नाचे आणि घटस्फोटाचे दस्त करायचे नाहीत. तरीही 'सोडचिठ्ठीपत्र' टाइप करून देणारे बसलेलेच आहेत.

या कागदातला मजकूर ठरलेला असतो. वर 'लिहून घेणार' नवरा, खाली 'लिहून देणार' बायको. मग 'आम्ही उभयता राजीखुशीने वेगळे राहत आहोत', 'पोटगी मागणार नाही', 'दुसरे लग्न करण्यास हरकत नाही'. शेवटी दोन साक्षीदार आणि लाल शिक्का. यातलं पहिलं वाक्यच बाईच्या गळ्याला फास लावतं. पोटगी देणारं जे कलम आहे, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, त्यातच लिहिलंय की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला त्याखाली पोटगी मिळत नाही. म्हणजे कायद्याने ती त्याची बायकोच राहते, आणि पोटगी मागायला गेली की समोरचा वकील हाच कागद काढून दाखवतो. घटस्फोट तर नाहीच, वर पोटगीच्या वाटेत धोंडा.

दुसऱ्या लग्नाची 'मोकळीक' त्याहून वाईट. पहिलं लग्न कायद्याने उभं असताना केलेलं दुसरं लग्न शून्य, म्हणजे कायद्याने झालंच नाही. भारतीय न्याय संहितेच्या (पूर्वीच्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि पहिलं लग्न लपवलं असेल तर दहा. पहिलीने लिहून दिलं होतं म्हणून गुन्हा पुसला जात नाही. नवरा वारला तर कायद्याने विधवा पहिलीच. पेन्शन-वारसाच्या कागदांवर दुसरी अडकते.

आता एक अर्धसत्य, नाइलाजाने मान्य करतो. काही समाजांत पंचांसमोर काडीमोड घ्यायची रूढी आहे आणि विवाह कायद्याचं कलम २९(२) ती राखून ठेवतं. पण आपल्या समाजात ही रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली आहे, हे जो म्हणतो त्याने कोर्टात साक्षी-पुराव्याने सिद्ध करायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये यमनाजी जाधव खटल्यात हेच सांगितलं. म्हणजे कोर्टाची पायरी चढावी लागतेच, फक्त उशिरा आणि भांडण पेटल्यावर.

सात वर्षांचं खूळ कुठून आलं तेही कळतं. जोडीदार जिवंत असल्याची खबरच सात वर्षं नसेल तर ते घटस्फोटाचं एक कारण आहे. नवरा पुण्यात आहे आणि फोन उचलत नाही, हे त्यात बसत नाही. सोडून गेल्याला दोन वर्षं झाली की त्या कारणावर अर्ज करता येतो. अर्ज! आपोआप काही होत नाही.

मुलांच्या बाबतीत मेसेजवाल्याने कायदा उलटा वाचलाय. १९५६ च्या पालकत्व कायद्यात एवढंच आहे की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहील. पाचव्या वाढदिवसाला ते बापाकडे जाईल असं कुठेही नाही. त्याच कायद्याचं कलम १३ मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना घेऊन मूल उचलून आणता येत नाही. संमतीच्या घटस्फोटाच्या अटींत नुसतं 'वडिलांना भेटू देईल' लिहिलं की पहिल्याच दिवाळीत वाद होतो. कोणता रविवार, किती ते किती, मूल कुठून घ्यायचं आणि कुठे आणून सोडायचं. दिवाळीची सुट्टी कुणाकडे, मे महिना कसा वाटायचा, गड्ड्याच्या जत्रेला कोण नेणार. शाळेची फी कोणत्या तारखेपर्यंत, दवाखान्याचा खर्च कसा वाटायचा, पासपोर्टवर सही कोण देणार, हे सगळं लिहा. आणि मुलाची पोटगी आईने 'माफ' केली तरी मुलाचा हक्क जात नाही.

कमावतीला पोटगी नाही? विडी वळून किंवा टॉवेलच्या कारखान्यात शिवण करून चार पैसे आणणारीलाही मागता येते. रक्कम मिळकतीच्या तुलनेवर ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही मालमत्तेचं आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

राहिला 'एका दिवसात'. विवाह कायद्याच्या कलम १३ब (संमतीचा घटस्फोट) खाली आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग पहिला अर्ज, सहा महिने थांबायचं, मग दुसरा जबाब. सर्वोच्च न्यायालयाच्या अमरदीप सिंग निकालाने २०१७ मध्ये हे सहा महिने माफ करायची मुभा दिली, पण पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं हवं, समेटाचा प्रयत्न फसलेला हवा, पोटगी आणि मुलांचं ठरलेलं हवं. हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून ठरलेली सगळी रक्कम पहिल्या तारखेला देऊ नका. मोठा हिस्सा दुसऱ्या जबाबाच्या दिवशी डीडीने द्या.

अर्ज शहरात कौटुंबिक न्यायालयात, तालुक्याला वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. बायको माहेरी राहत असेल तर तिथेही तिला अर्ज करता येतो. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला वकील मोफत देतं, उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाइन १५१००. नोटरीचा कागद आधीच करून बसला असाल तर तो फाडू नका. तसाच वकिलाला दाखवा, आणि त्याच्या भरवशावर कुठे सुपारी फोडली असेल तर लग्नाची तारीख आधी थांबवा.