लुखा निळी झाली, त्यावरून

लुखा नदीचा तो निळा फोटो पक्यानेच ग्रुपवर टाकला होता, खाली ‘वाह, काय रंग!’ संध्याकाळी मंजू कट्ट्यावर आली ती थेट त्याच्यावरच.

“मासे मरतात त्या पाण्यात. दर हिवाळ्यात. आणि तू वाह म्हणतोस?”

“अगं, पण मेघालय आहे ते! चेरापुंजीला वर्षाला ११,००० मिलिमीटर पाऊस! खाणींची घाण जाते वाहून. निसर्ग बघून घेतो.”

“सोसायटीची टाकी धुवायची होती तेव्हाही हेच म्हणाला होतास,” अण्णा म्हणाले.

“वाहून जाते कुठे?” मंजू सोडेना. “लुखा वाहते त्या जयंतिया टेकड्यांत खाली चुनखडी आहे. पावसाचं पाणी कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि दगडच विरघळवतं. क्रेम लिआट प्राह ही एकच गुहा ३० किलोमीटरहून लांब आहे! आपल्या काळ्या दगडासारखं नाही ते. भोकातून आत गेलेलं पाणी गाळलंबिळलं जात नाही, जसंच्या तसं पलीकडच्या झऱ्याला निघतं. तिथे कुणीतरी हंडा लावलेला असतो.”

“आणि एवढा पाऊस पडून चेरापुंजीत हिवाळ्यात टंचाई,” अण्णा.

“थांबतंच कुठे पाणी!”

पक्याने हात झटकले. “मग नदीला कुंपण घाला, विषय संपला. पण चुनखडीच्या खाणी हव्यातच, सिमेंट तर लागणारच ना? तुझी बाल्कनी काय शेणाने सारवलीय?”

“सिमेंट लागतं. पण नदी जमिनीखाली असली तर कुंपण कशाला घालशील? झरा राखायचा तर वरचा डोंगर राखावा लागतो. पाण्यात रंग सोडून आधी बघायचं, कुठलं भोक कुठल्या झऱ्याला मिळतं. मग खाणीचं बोलायचं.”

मला विचाराल तर सगळं यातच आलं. हरित लवादाने २०१४ मध्ये तिथल्या उंदीरबिळासारख्या कोळसा खाणींवर बंदी घातली, पण सोडून दिलेल्या खाणींतून आम्लपाणी झिरपतंच. बंदीचा कागद दगडातल्या भेगा बुजवत नाही. खाणीची परवानगी देताना हे आधी बघायला नको?

“भूगोलात दोन मार्क जास्त पडले होते म्हणून किती शिकवशील!” पक्या उसळला.

“तू नर्मदा बंगालच्या उपसागराला नेऊन सोडली होतीस.”

अण्णांना ठसका लागला. तो आवरून म्हणाले, “त्या गुहांत एक मासा सापडलाय म्हणे, हातभर लांब. अंधारात राहून राहून डोळेच गेलेत त्याचे.”

“त्यालाही रंग आवडत असणार,” मंजू म्हणाली, आणि पक्यासकट सगळा कट्टा फुटला.