घरचा स्वयंपाक महाग पडतो हे कुणी ठरवलं? हिशोब मांडूया

गेले काही दिवस सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, फॅमिली ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर पण आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दोघांच्या जेवणाचं सामान आणायला अडीचशे रुपये जातात आणि अॅपवर ९९ रुपयांत थाळी मिळते, वर गॅस महाग, रोज तेच वरणभात-पोळीभाजी खाऊन पोरं कंटाळतात, स्वयंपाकात जाणाऱ्या वेळात माणूस चार पैसे कमवेल, आणि करमणुकीला ४९९ चं ओटीटी घेतलं की अख्ख्या घराचं काम झालं. शेवटी ठसक्यात, काटकसर ही गरिबीची मानसिकता आहे, खर्च कमी करू नका कमाई वाढवा. खाली अंगठ्यांची रांग. नुकतं घर मांडलेली आमच्या ओळखीतली पोरंपोरी हे वाचून खरंच किचन बंद करायच्या गोष्टी करायला लागलीत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी ते अडीचशे रुपये. हा आकडा येतो कुठून तर दुकानातल्या बिलातून, तेलाची पिशवी, किलोभर तूरडाळ, हिंगाची डबी, जिऱ्याचं पाकीट सगळं एका रात्रीच्या जेवणावर टाकायचं आणि मग म्हणायचं की घरचं महाग. अहो ती हिंगाची डबी चार महिने चालते. एका जेवणात जेवढं लागलं तेवढंच धरा ना. दोघांची मुगाची खिचडी घ्या, एक वाटी तांदूळ म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास, साठ रुपये किलोचा धरला तर ९ रुपये, अर्धी वाटी मूगडाळ १० रुपये, कांदा-बटाटा-टोमॅटो मिळून १२, फोडणीचं तेल आणि वरून तूप १०, मीठ-हळद-मोहरी-कढीपत्ता दोनेक रुपये. झाले ४३. गॅस आणि दोन भाजलेले पापड धरून पन्नाशीच्या आसपास, आणि हे दोघांचं, पोटभर.

आता ९९ ची थाळी. ९९ हा फोटोखालचा आकडा आहे, बिलाचा नाही. दोन थाळ्या १९८, त्यावर ५ टक्के जीएसटी, पॅकिंगचे वीस-तीस, प्लॅटफॉर्म फी (म्हणजे अॅप वापरायचे पैसे, ही २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू झाली आणि आता दोन आकडी झालीय, कुणी लक्षात ठेवलं का?), डिलिव्हरीचे तीसेक आणि सप्टेंबर २०२५ पासून त्या डिलिव्हरी चार्जवर पण १८ टक्के जीएसटी. पावणेतीनशेच्या आत बाहेर पडून दाखवा. कूपन लागलं तर पन्नास कमी होतील पण कूपन लागावं म्हणून आपण वर एक गुलाबजाम मागवतो हे पण खरं.

माझा हिशोब नको असेल तर क्रिसिल या पतमानांकन आणि अभ्यास करणाऱ्या कंपनीचा बघा, ते दर महिन्याला घरी केलेल्या थाळीचा खर्च काढतात, पोळी-भाजी-भात-डाळ-दही-सॅलड आणि त्यात गॅससुद्धा धरलेला असतो. २०२४ आणि २०२५ मध्ये शाकाहारी थाळी साधारण २६ ते ३३ रुपयांच्या मध्ये फिरत होती. आपल्याकडची शिवभोजन थाळी आठवा, जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा खाणाऱ्याला १० रुपये आणि वरचे सरकारचे, तर सरकारने शहरात अख्ख्या थाळीची किंमत ५० रुपये धरली होती आणि गावाकडे ३५. यात थाळीचं केंद्र चालवणाऱ्याचं सगळं आलं. मग घरात दोन माणसांना अडीचशे कसे लागतील?

गॅसचं फार लांबवत नाही. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. हजार रुपये धरून चला, म्हणजे किलोला सत्तर. मोठा बर्नर फुल ठेवला तरी तासाला दोनशे ग्रॅमच्या आसपास जळतो. खिचडी कुकरला वीस मिनिटांत होते आणि पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीकच असतो. म्हणजे चार-पाच रुपये. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवले तर अजून कमी. संपला मुद्दा.

"रोज तेच तेच" याच्यावर मात्र मला जास्त बोलायचंय कारण साधं म्हणजे बेचव असं कुणीतरी आपल्या डोक्यात भरवून दिलंय. आपल्याकडचं साधं जेवण किती प्रकारचं आहे बघा तरी. पिठलं, झुणका, कढी, आमसुलाचं सार, थालीपीठ, धिरडी, मेथीची नुसती लसूण घालून परतलेली भाजी, सकाळचा भात उरला तर फोडणीचा भात, पोळ्या उरल्या तर कुस्करा. मटकीच घ्या, पाव किलो तीस-पस्तीस रुपयांना येते, सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायची, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी दुपारीच फडक्यातून मोड बाहेर डोकावतात, थंडीत एक दिवस जास्त लागतो. भिजून मोड येऊन ती दुप्पट-अडीचपट होते, अर्धीची उसळ करा, उरलेल्या अर्धीची दुसऱ्या दिवशी फरसाण आणि कच्चा कांदा घालून मिसळ करा, चौघांच्या घरात दोन वेळा वेगळं खाणं झालं. ज्या पोरांना वरणभात नको असतो ती हीच मिसळ चाटून पुसून खातात, माझ्याच घरातलं सांगतेय. आणि भाजी घ्यायला संध्याकाळी उठत्या बाजाराला जा, तेव्हा वाटे लावलेले असतात, सकाळी ज्या भावात एक जुडी येते त्यात दोन येतात, फक्त घरी येऊन त्याच रात्री निवडायला लागते.

आता वेळ. या मुद्द्यात दम आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. पण मेसेजमधला हिशोब बघा, "तासाला ५०० कमवणाऱ्याने स्वयंपाक करू नये". पगारदार माणसाला संध्याकाळी साडेसात ते साडेआठ कोण ५०० रुपये देतंय? तो तास मोबाईलवर जातो, आणि त्यातली पंधरा-वीस मिनिटं काय मागवायचं यावर जातात, मग चाळीस मिनिटं वाट. खिचडी तेवढ्यात होऊन भांडी पण घासून झाली असती.

खरा प्रश्न वेगळाच आहे, वेळ जातो कुणाचा? केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेमध्ये, म्हणजे लोकांचा वेळ कशात जातो याच्या पाहणीत, आलंय की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. एवढं राबून आलेली बाई म्हणाली की आज बाहेरून मागवा तर तिचं काय चुकलं? काहीच नाही. पण त्यावर उपाय म्हणजे रोज पावणेतीनशेचं बिल नव्हे, घरातल्या प्रत्येकाला चार पदार्थ आले पाहिजेत, बारा वर्षांच्या पोराला कुकर लावता आला पाहिजे, नवऱ्याला कणीक मळता आली पाहिजे, आणि जेवणात रोज चार पदार्थ हवेतच हा हट्ट सोडला पाहिजे. पिठलं-भाकरी आणि ठेचा हे पूर्ण जेवण आहे. सासूबाई काय म्हणतील याचं दडपण घेऊन दोन भाज्या, कोशिंबीर, आमटी रोज करणाऱ्या बायका मी बघितल्यात आणि मग तीच थकलेली बाई आठवड्यातून चारदा अॅप उघडते. ताट साधं केलं की पैसे पण वाचतात आणि तिची संध्याकाळ पण वाचते.

एक मान्य करते, पेइंग गेस्ट म्हणून राहणारा एकटा मुलगा, खोलीत शेगडी लावायला परवानगी नाही, त्याला मेसचा डबाच बरा. पण मेसचा महिन्याचा डबा आणि रोजची अॅपची ऑर्डर एका पारड्यात घालू नका.

"काटकसर ही गरिबीची मानसिकता." हे वाचून मला खरंच राग आला. सरकारी घरखर्चाच्या २०२३-२४ च्या पाहणीत शहरी घरांच्या एकूण खर्चातला सुमारे ११ टक्के हिस्सा पेयं, नाश्त्याचे पदार्थ आणि तयार खाण्यावर गेलेला दिसतो, आणि धान्यावर ४ टक्क्यांच्याही आत. म्हणजे गहू-तांदूळ महाग झाले म्हणून घर चालत नाही असं नाही, गळती दुसरीकडे आहे. आठवड्यातल्या चार ऑर्डर घरच्या जेवणाने बदलल्या तर एका वेळेचे सव्वादोनशे वाचतात, महिन्याला साडेतीन हजार. हेच पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीत, म्हणजे दर महिन्याला ठराविक रक्कम भरायच्या ठेवीत, टाकले तर ६.७ टक्के दराने साधारण अडीच लाख होतात. कमाई वाढवाच की, कोण नको म्हणतंय, पण पगारवाढ साहेबाच्या हातात असते आणि कुकर आपल्या.

राहिलं ४९९ चं ओटीटी. एकाने भागत नाही, क्रिकेट एकीकडे, मराठी सिरीयल दुसरीकडे, मुलांचं कार्टून तिसरीकडे, वर वायफायचं बिल. आणि अख्खं घर बसतं म्हणता ते चार जण चार स्क्रीनवर बसतात. नुसता टीव्हीच बघायचा असेल तर डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसेच नाहीत, एकदा डिश आणि बॉक्स घेतला की झालं. आपल्या राज्यात तर गावोगावी वाचनालयं आहेत, रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४०, पुणे नगर वाचन मंदिर १८४८, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, आणि लहान गावातल्या वाचनालयाची महिन्याची वर्गणी एका पिझ्झाएवढी पण नसते. दिवाळीनंतर तिथे दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, एकदा थोडे पैसे भरायचे आणि महिनोन् महिने अंक बदलत राहायचे, आमच्याकडे तर कुणी आधी वाचायचा यावरून भांडणं होतात. पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालू आहे, उन्हाळ्यात जाऊन बसा. पोरांना शनिवारवाडा दाखवायचा तर मोठ्यांना २५ रुपये, १५ वर्षांखालच्यांना तिकीटच नाही, घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्या.

आणि नाटक परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हौशी राज्य नाट्य स्पर्धा बघितलीय का कधी? सांस्कृतिक कार्य संचालनालय भरवतं, तिकीट दहा-पंधरा रुपयांच्या घरात असतं, एका गावात ओळीने कितीतरी नवी नाटकं होतात, काही कच्ची असतात, काही अशी की रात्री घरी येऊन पण सगळे त्यावरच बोलत बसतात. आपल्या जवळचं केंद्र कुठलं आहे ते स्थानिक पेपरात वेळापत्रक आलं की बघा, चौघांचं तिकीट चहाच्या पैशात येईल.