मोठं होणं गुन्हा नाहीये हो!

कुठल्या कंपनीला स्पर्धा आयोगानं (बाजारातली स्पर्धा निकोप राहावी म्हणून नेमलेली सरकारी संस्था) दंड ठोकला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेलं वाक्य येतं: "मोठं होणं हा गुन्हा आहे का?" दरवेळी! त्याखाली पाच अंगठे.

नाही हो, नाहीये गुन्हा. स्पर्धा कायदा, २००२. कलम ४. कायदा बाजारातल्या वर्चस्वाला हातही लावत नाही, वर्चस्वाच्या गैरवापराला लावतो. तुम्ही बाजाराचे राजे व्हा, खुशाल व्हा. पण गिऱ्हाइकाला दुसरं दार नाही हे बघून त्याच्यावर एकतर्फी अटी लादू नका, एका मालाच्या शेपटीला दुसरा बांधून विकू नका, नव्या माणसाची वाट अडवू नका. एवढंच.

गुरुग्रामचं डीएलएफ या बिल्डर कंपनीचं प्रकरण आठवा. तिच्या 'बेलेअर' या गृहप्रकल्पात लोकांनी १९ मजल्यांच्या इमारतीत घर घेतलं आणि मजले झाले २९! करारच असा की बिल्डर म्हणेल ती पूर्व. ऑगस्ट २०११मध्ये आयोगानं ६३० कोटींचा दंड लावला तो या दांडगाईला, कंपनीच्या आकाराला नव्हे. २०२२मध्ये अँड्रॉइडवरून गूगलला १३३७.७६ कोटी, तेही फोनमध्ये स्वतःची ॲप्स आधीच कोंबायला लावली वगैरे कारणांनी. (त्यावर आमच्या एका काकांचा निष्कर्ष: "सरकारला पैसे हवेत.")

हे सगळं मी ग्रुपवर तीनदा लिहिलंय. शेवटच्या वेळी उत्तर आलं, "छान माहिती 🙏". आणि त्याच्या खालीच, तासाभरात, त्याच माणसाचं: मोठं होणं हा गुन्हा आहे का?