आबांच्या हातातली चावी घेऊ नका

तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचे आबा आहेत, दारात पांढरी अल्टो आहे आणि तिच्या डाव्या अंगाला तिफणीनं तास मारल्यासारखा लांबच लांब ओरखडा आहे? मग बसा, हे तुमच्यासाठीच लिहिलंय. आजकाल जो उठतो तो म्हणतो, म्हाताऱ्या ड्रायव्हरची दर दोन-चार वर्षाला परत टेस्ट घ्या. अजिबात नादी लागू नका. आबांची टेस्ट म्हणजे घरात महाभारत, आणि आपल्याला घरात शांतता पाहिजे, रस्त्यावर काय व्हायचं ते होऊ द्या.

पहिल्यांदा तर त्या "परत" शब्दालाच हरकत घ्या. परत म्हणजे? पहिली झाली होती का? आमच्या आबांनी ८२ साली लायसन काढलं, तालुक्याला कॅम्प आला होता, एजंटाला दोन फोटो आणि पैसे दिले आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले, चहा संपून पान खाईस्तोवर आबा ड्रायव्हर झाले होते. गाडी नंतर शिकले. तुमचं स्वतःचं तरी काय वेगळं आहे, आठचा आकडा काढताना दोनदा पाय टेकवला होता आणि साहेब दुसरीकडं बघून हसत होते, आठवतंय न? मग ज्या गावात पहिली परीक्षा चहात विरघळली तिथं एकट्या म्हाताऱ्यांनाच दुसरीला का बसवायचं? हा मुद्दा बिनतोड आहे, कुठंही टाका, समोरचा गप्प होतो. (त्याच्यातून "मग सगळ्यांचीच घ्या की" असा पण अर्थ निघतो, तो कोणाच्या लक्षात येऊ देऊ नका.)

आणि कायदा तसा बिचारा फार त्रास देत नाही. पंचावन्नच्या पुढं लायसन पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायचं आणि चाळिशीनंतर सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं, तो फॉर्म १-अ. बास. गाडी चालवून दाखवा असं कोणी म्हणत नाही. फक्त मुदत संपून वर्ष उलटलं तर मात्र खरोखर टेस्ट द्यावी लागते, म्हणजे आपल्याकडं परत टेस्टची वेळ म्हातारपणानं येत नाही, विसरभोळेपणानं येते. म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवा, आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्याचं एखाद वेळेस विसरलं तरी चालेल.

डॉक्टर निवडताना डोकं लावा. डोळ्याच्या डॉक्टरकडं चुकूनही जायचं नाही, ते लोक तपासतात. तुमच्या घराण्याला तीस वर्षांपासून ओळखणारा, आबांना काका म्हणणारा, ज्याच्या घरी दर हुरड्याला तुमच्या शेतातून पिशवी जाते असा डॉक्टर बघा. आमची तपासणी अशी झाली,

"काका, दिसतंय न नीट?"

"दिसायलंय की. तू लई सुटलायस बघ आता."

झालं. शिक्का. आता त्या फॉर्मवर काय काय विचारलेलं असतं ते कधी वाचलंय का? मी वाचलं, वाचायला नको होतं. लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, साधा हॉर्न ऐकू येतो का (आमच्याकडं हॉर्न न ऐकू येणं हा आजार नाही, सुख आहे), आणि चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का.

हे पंचवीस मीटर माझ्या डोक्यात बसलं. एका रविवारी गल्लीत टेप घेऊन मोजलं, आबांना लिंबाच्या झाडाखाली उभं केलं, म्हणलं वाचा. आबांनी एमएच २२ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत धडाधड म्हणून दाखवलं. मी खूष. मग बायको हळूच म्हणाली, अहो ती आपलीच गाडी आहे. शेजाऱ्याची स्कुटी उभी केली तर आबा चिडले, "लोकांच्या गाड्यांचे नंबर मी कामून पाठ करू?" आणि वर म्हणाले की ऊन डोळ्यावर यायलंय. तेव्हा सल्ला असा की घरी टेस्ट घ्यायचीच असेल तर स्वतःच्या गाडीवर घ्या, निकाल शंभर टक्के.

उन्हाचं कारण साधं समजू नका, त्याला राजघराण्याचा आधार आहे. इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीचे यजमान, प्रिन्स फिलिप, २०१९ च्या जानेवारीत वयाच्या ९७ व्या वर्षी स्वतः गाडी चालवत होते, मोठ्या रस्त्याला लागताना दुसऱ्या गाडीला धडक बसली, यांची गाडी आडवी झाली आणि त्या गाडीतल्या एका बाईचं मनगट मोडलं. त्यांनी बाईंना पत्र लिहिलं, त्यातही तेच, ऊन डोळ्यावर आलं. पण पुढच्याच महिन्यात त्यांनी आपणहून लायसन परत करून टाकलं. हा शेवटचा भाग आबांना सांगायचा नाही. सांगायचं एवढंच की सत्त्याण्णवपर्यंत चालवता येते.

जपानचं तर नावच काढू नका. तिकडं पंच्याहत्तरीच्या पुढं रिन्यू करताना स्मरणशक्तीची परीक्षा असते, आणि त्या वयात सिग्नल तोडणं असलं काही नावावर असेल तर २०२२ पासून रस्त्यावर गाडी चालवून दाखवावी लागते. २०१९ ला टोकियोत ८७ वर्षांच्या एका माणसानं ब्रेकच्या जागी एक्सलेटर दाबला, त्यात एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. त्या वर्षी तिथल्या लाखो म्हाताऱ्यांनी स्वतःहून लायसन परत दिलं. परत देणाऱ्याला तिकडं बऱ्याच ठिकाणी बसभाड्यात, टॅक्सीत सवलत मिळते. आता तुम्ही म्हणाल आपल्याकडं तर पंच्याहत्तरीच्या पुढं एसटी अख्खी फुकट आहे, २०२२ च्या ऑगस्टपासून. आहे ना. पण एसटी स्टँडवरून सुटते आणि स्टँडवर जाते, आबांना जायचं असतं शेतात, शेत फाट्यापासून आत तीन किलोमीटर, तिथून सोसायटीत, तिथून मेलेल्या मित्राच्या दहाव्याला, आणि येताना कोथिंबीर. चावी काढून घेतली की आबा ओसरीवर बसणार आणि दिवसभर रस्त्यानं कोण गेलं ते मोजणार, हे मला पण कळतं. त्याच्यावर उपाय म्हणजे आपण त्यांना सोडायला जाणे. म्हणजे उपाय नाही.

आकडे पाहिजेत कोणाला? फेका. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची. बघा, म्हातारे निर्दोष! मेलेले कोण होते आणि स्टेअरिंगवर कोण होतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असलं बारीक चहाच्या टपरीवर कोणी काढत नाही. आणि काढलं तर सरळ पोरांकडं बोट दाखवा, ट्रिपल सीट, कानाला मोबाईल, सायलेन्सर काढलेली बुलेट. ते सगळं खरंच आहे, म्हणून तर कामाला येतं.

लग्नसराईत जरा जपून. मोतीबिंदूवाल्याला रात्री समोरून लाइट आला की सगळं पांढरंफक होतं, आणि आपल्याकडं लग्नसराई आणि ऊसतोडीचा हंगाम एकमेकांत घुसलेला, म्हणजे अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारं ट्रॅक्टर पुढं, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, फक्त गाणं. डोळे चांगले असलेल्याला सुद्धा ती ट्रॉली आधी ऐकू येते मग दिसते. काचबिंदू असेल तर अजून मजा, तो बाजूची नजर हळूहळू खातो आणि माणसाला पत्ता लागत नाही, आबा शपथेवर सांगतात की समोरचं लख्ख दिसतंय आणि ते खोटं बोलत नसतात. म्हैस बाजूनं येते. परवा वसमत रोडला आमची गाडी आणि म्हैस यांच्यात वीतभर अंतर राहिलं. आबा म्हणाले, "मला शिकवायलास का? म्हशीला अक्कल नाही." तर म्हशीची पण टेस्ट घ्या, अशी मागणी लावून धरायला हरकत नाही.

एवढं सगळं दिसतंय तर चावी का मागत नाही, असं कोणी तोंडावर विचारलं तर संस्कार म्हणायचं. वडीलधारे आहेत, मन दुखावतं. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत असतं, गाडी आबांच्या नावावर, घर आबांच्या नावावर, आणि सातबारा पण अजून आबांच्याच नावावर. चावी मागायला तोंड उघडलं की डोळ्यासमोर धाकटा भाऊ येतो, तो कधीच चावी मागत नाही, फोनवर "आबा, तुमच्यासारखी गाडी कोणी चालवत नाही" म्हणतो. पुण्यात राहतो तो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे मात्र विसरू नका. आपल्या लेकराला आबांच्या गाडीत बसवायचं नाही. मी दोन वर्षांपासून माझ्या पोरीला ट्यूशनला रिक्षा लावलीय, महिन्याला पैसे जातात पण जीव शांत राहतो. आबांना सांगितलंय की रिक्षात तिच्या मैत्रिणी असतात. आबा मग मोकळे होऊन त्याच वेळेला, त्याच ट्यूशनच्या रस्त्यानं शेताकडं जातात. त्या रस्त्यानं सायकलवर जाणारी लेकरं आपली नसतात.

यंदा माझं पण लायसन रिन्यूला आलंय, पन्नास पूर्ण झाले. फॉर्म आणून टेबलावर ठेवला होता, पोरीनं तो वाचला आणि रविवारी टेप घेऊन गल्लीत उभी राहिली, लिंबाच्या झाडाखाली मला उभं केलं आणि शेजाऱ्याच्या स्कुटीकडं बोट दाखवून म्हणाली, वाचा पप्पा.

ऊन डोळ्यावर येत होतं हो.