फुसका बार आणि फुगलेली नळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या मागील लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, कारण दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केलेल्या माणसाचा आक्षेप हा नुसता टोमणा नसतो. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेमबाजीच्या रेंजवर माझ्या बारा बोअरच्या एकनळी बंदुकीचा तिसरा बार फुसका गेला, चौथ्या बाराला नळी फुगली, आणि काडतुसांच्या कंपनीने ना बंदूक पाहिली ना टरफल, तरीही दोन दिवसांत ‘वापरातील हयगय’ असा निकाल लिहून पाठवला. आपले म्हणणे असे, की दोष माझाच आहे. कंपनीने माल तपासणीसाठी मागितला तेव्हा तो न देऊन मी आपल्याच हाताने आपली बाजू लंगडी केली. आणि बंदूक म्हणजे फ्रीज नव्हे, त्यामुळे ग्राहक आयोगाची भाषा येथे लागू पडत नाही.

पहिल्या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे आणि लेखात तो मी जितक्या स्पष्टपणे लिहायला हवा होता तितका लिहिला नव्हता. तिसऱ्या बाराला खांद्याला नेहमीचा धक्का बसला नाही, आवाज सर्दावलेल्या फटाक्यासारखा आला आणि छर्रे निशाणाच्या फळीपर्यंत न पोहोचता आठ-दहा पावलांवरच मातीत सांडले. बंदूक उघडून नळीतून पलीकडचा उजेड दिसतो की नाही, एवढेच त्या वेळी पाहायचे होते. मी बंदूक उघडली, टरफल काढले आणि सवयीने नवे काडतूस सरकवले. ती वीस सेकंदांची घाई माझी आहे. ती कोणाच्या माथी मारण्याचा माझा विचार नाही.

परंतु फुगवटा कड्यासारखा आहे म्हणजे नळीत अडथळा होता, आणि अडथळा होता म्हणजे काडतूस निर्दोष, असे जे आपण पुढे लिहिता, त्यातले पहिले विधान बरोबर असले तरी दुसरे त्यातून निघत नाही. काडतुसातला दाब प्रमाणाबाहेर गेला असता तर इजा चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या भागाच्या, बाजूला दिसली असती. टरफलाची पितळी बैठक पसरली असती, टोपी (बुडाशी बसवलेली, टोचणीचा मार बसताच दारू पेटवणारी) चपटी होऊन सैल झाली असती. तसे काही झालेले नाही. नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून मागच्या बाजूने पाहिली, की तोंडाच्या वीतभर अलीकडे एक काळपट कडे दिसते, आणि बाहेरून त्या जागी अंगठा फिरवला तर नखाला अडेल एवढा उंचवटा लागतो. ही खूण अडथळ्याचीच आहे. प्रश्न आहे तो अडथळा आला कोठून याचा. नळीत माती गेली नव्हती, पुसण्याची चिंधी राहिली नव्हती, आधीचे दोन्ही बार फळीवर नीट उमटले होते. छऱ्यांना धरणारी प्लास्टिकची वाटी तिसऱ्या काडतुसातून बाहेर पडायला हवी होती. पुरेसा जोर न मिळाल्याने ती वाटेत अडकली आणि चौथा बार तिच्यावर जाऊन आदळला. म्हणजे या नुकसानाला कारणे दोन आहेत, आधीचे काडतुसातले आणि नंतरचे माझे. दुसरे सिद्ध झाले म्हणून पहिले पुसले जात नाही.

वीस बोअरचे काडतूस (आकडा मोठा, पण जाडी कमी) बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकते आणि मागून बारा बोअरचे झाडले की नळी फाटते, हा आपला दाखला खरा आहे. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती त्याचसाठी. माझ्या घरात मात्र वीस बोअर कधी आलेलेच नाही.

साठवणुकीबद्दलची आपली शंका अधिक गंभीर आहे. आमच्या ग्वाल्हेर-चंबळ भागात काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात खोवून वर्षानुवर्षे खुंटीला टांगून ठेवणारी घरे पुष्कळ आहेत, आणि चामडे कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळेवर हिरवा कीट चढतो हे मी काकांच्या पट्ट्यात पाहिले आहे. ती काडतुसे मी वापरत नाही. ही दहा काडतुसे रेंजवरच्या त्या दिवसाच्या आधी केवळ एकोणीस दिवस, जानेवारी महिन्यात, विकत घेतली होती आणि परवान्याच्या पुस्तकात दुकानदाराची तशी नोंद आहे. अडचण निराळीच होती. दुकानदाराने पंचवीसच्या खोक्यातून दहा मोजून दिली, त्यामुळे लॉट क्रमांक असलेले खोके दुकानातच राहिले. नळी फुगल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्याचे छायाचित्र घेतले. खोके तोवर रद्दीत गेले नव्हते, हे माझे नशीब.

आपल्यामुळे एक दुरुस्ती मात्र करावी लागली. काडतुसात दारू कमी भरली होती, असे मी लेखात ठामपणे लिहिले होते. त्याला आधार एवढाच, की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सराफ्यातील एका परिचितांचा काटा घरी आणून उरलेली सहा काडतुसे मी तोलली तेव्हा एक बाकीच्यांपेक्षा जवळजवळ एक ग्रॅमने हलके भरले. ती तूट छऱ्यांचीही असू शकते, हा आपला मुद्दा बिनतोड आहे. शिवाय आपण विचारल्यावर नंतर नळी पुसून काढलेली चिंधी मी पुन्हा उलगडून पाहिली, तर तीत न जळलेल्या दारूचे पापुद्रे होते. म्हणजे दारू होती, ती पुरती पेटली नाही. दोष टोपीचा, ओलीचा किंवा काडतुसाचे तोंड सैल दुमडल्याचा असू शकतो. मूळ लेखातले ते वाक्य मी बदलले आहे.

आता माल न पाठवल्याबद्दल. कंपनीने बंदूक, सगळी टरफले आणि उरलेली सगळी काडतुसे मागितली; पोच देण्याचा, अहवाल देण्याचा किंवा वस्तू परत करण्याचा शब्दही पत्रात नव्हता. निकाल आधीच लिहून बसलेल्या पक्षाच्या हाती एकुलता एक पुरावा सोपवणे मला पटले नाही. शिवाय माझ्या परवान्याची हद्द या राज्यापुरती, कारखाना दुसऱ्या राज्यात, आणि जिवंत काडतुसे कुरिअरवाला घेत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा चाचणीसुद्धा परवान्याशिवाय कोणी करू शकत नाही, त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडे नळी नेण्याची सोयही नाही. दोन साक्षीदारांसमोर लाखबंद केलेली तीन काडतुसे तुमचा माणूस येऊन घेऊन जाऊ दे आणि तीन माझ्याकडे राहतील, असे मी कंपनीला लेखी कळवले होते. त्याला उत्तर आले नाही. आपण कारखान्यात असताना नमुन्याचा एक भाग राखून न ठेवता सगळाच समोरच्या पक्षाला दिला असता का?

अमेरिकेतल्या कंपन्या तक्रार येताच नवी बंदूक पाठवतात, असे आपण लिहिता. काही पाठवतात, परंतु तेथे १९७२ साली स्थापन झालेल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या कक्षेतून बंदुका आणि काडतुसे कायद्यानेच वगळली आहेत, त्यामुळे सदोष माल परत बोलावणे बहुतांशी कंपनीच्या मर्जीवर राहते. आपल्याकडे उलट आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात काडतुसांना अशी सूट कोठेही नाही. उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष मालाने झालेल्या नुकसानाच्या जबाबदारीच्या, तरतुदींत खुद्द सदोष वस्तूचे नुकसान ‘हानी’च्या व्याख्येत धरत नाहीत, इतर मालमत्तेचे धरतात, येथे सदोष वस्तू काडतूस आहे आणि नळी ही इतर मालमत्ता आहे. बंदूकच मुळात सदोष निघाली असती तर माझी बाजू निराळी मांडावी लागली असती. त्याच कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे, ज्या दोषाचा निर्णय चाचणीशिवाय होऊ शकत नाही त्या वस्तूचा नमुना जिल्हा आयोग लाखबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. तक्रार मी राहतो तेथेच दाखल करता येते, मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मला भरपाईआधी हे त्रयस्थाचे तपासणे हवे आहे, मग अहवाल माझ्या विरुद्ध गेला तरी चालेल.

लग्नातल्या हर्षफायरबद्दल, म्हणजे आनंदाने हवेत बार काढण्याबद्दल, आपण जाता जाता मारलेला टोला ग्वाल्हेरच्या माणसाने सोसायचाच असतो. माझ्या हकिगतीत वरात नव्हती, एवढेच सांगतो.

तक्रारीचा मसुदा तयार आहे आणि माझी वीस सेकंदांची चूक त्यात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिली आहे. आपल्याला एक विचारायचे आहे. तिसऱ्या टरफलाच्या टोपीवर टोचणीचा खड्डा पहिल्या दोन टरफलांइतकाच खोल दिसतो, त्यामुळे घोड्याचा मार कमी पडला नसावा असा माझा समज आहे. परंतु टोपीभोवती काजळीची एक बारीक रेघ आहे, जी पहिल्या दोहोंवर नाही. या रेघेचा अर्थ आपल्या अनुभवात काय होतो, ते कळवावे. टरफल मी पुसलेले नाही.